मुंबईचे तबेले आणि भाकड म्हशी

दुग्धव्यवसायशास्त्रात कळपातून जनावर कमी करण्याचे दोन प्रकार मानले जातात : कमी दूध देणारे जनावर हेरून मालकाने आपणहून केलेली छाटणी, आणि वांझपणा, कासदाह (कासेला येणारी सूज) किंवा लंगडेपणा यांमुळे नाइलाजाने करावी लागणारी छाटणी. पहिल्या प्रकाराला जितका वाव मिळतो, तितकी कळपाची सरासरी पिढीगणिक वाढते. १८९५ साली डेन्मार्कमधील वायेन येथे शेतकऱ्यांनी स्थापलेली दूधनोंदणी संस्था याच तत्त्वावर उभी होती. मुंबईच्या तबेल्यांत विसाव्या शतकात जी रीत रूढ झाली, ती मात्र या दोन्ही प्रकारांत बसत नाही, कारण तिथे म्हैस मारली जाई ती निकृष्ट वा आजारी म्हणून नव्हे, तर केवळ आटली म्हणून.

शीतकरणाची सोय नसताना उष्ण हवेत दूध दूरवरून आणणे अशक्य होते. म्हणून जनावरेच शहरात आणली गेली. व्यापारी गुजरात आणि उत्तरेकडून जाफराबादी, मेहसाणा, मुऱ्हा अशा जातींच्या नुकत्याच व्यालेल्या, भरपूर दुधाच्या म्हशी निवडून आणीत. शहरात जागा अपुरी आणि वैरण महाग असल्यामुळे म्हैस पुन्हा फळवून, सुमारे दहा महिन्यांच्या गाभणकाळातील भाकड दिवस पोसण्यापेक्षा, ती कसायाला विकून नवी आणणे मालकाला परवडे. रेडकाने प्यायलेले दूध म्हणजे बुडालेले उत्पन्न, तेव्हा त्याचीही आबाळ होई, आणि ते मेल्यावर त्याचे भुसा भरलेले कातडे पुढे ठेवून म्हशीला पान्हा सोडायला लावले जाई.

या व्यवहारातील विपरीतता अशी की, तबेल्याची सरासरी सदैव चांगली दिसे, कारण तिथे दुभतीच जनावरे उभी असत. तोटा पडे तो जिथून ती आली त्या प्रदेशांच्या पदरात, कारण आणखी कित्येक वेते देऊ शकणारी म्हैस आणि तिची संतती, दोन्ही तिथल्या पैदाशीतून कायमची वजा होत. दुधाळपणा हाच जनावराच्या नाशाला कारण ठरावा, अशी ही उलटी निवड होती.

१९४८ च्या मुंबई पशुसंरक्षण कायद्याने उपयुक्त जनावरांच्या कत्तलीवर बंधन घातले, पण भाकडकाळातील वैरणीचा खर्च कोणी सोसायचा, हा खरा प्रश्न कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिला. दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने १९४९ साली उभ्या राहिलेल्या आरे दुग्धवसाहतीत शहरातील हजारो म्हशी हलवण्यात आल्या. त्यामुळे गोठ्यांची स्वच्छता आणि दुधाची शुद्धता सुधारली, तरी जनावरे खाजगी मालकीचीच राहिल्याने हिशेब फारसा बदलला नाही. तो बदलण्याची खरी शक्यता निर्माण झाली ती म्हशीऐवजी दूधच प्रवास करू लागल्यावर. आणंदहून मुंबईला दूध येण्यास १९४५ च्या सुमारास आरंभ झाला होता, आणि १९७० साली सुरू झालेल्या दूधमहापूर योजनेने महानगरांची बाजारपेठ ग्रामीण सहकारी संघांशी जोडताना शहरांतील जनावरे बाहेर हलवण्याचेही उद्दिष्ट ठेवले; कारण खेड्यात भाकड म्हैस शेतातील कडब्यावर आणि बांधावरच्या गवतावर पुढच्या वेतापर्यंत तग धरू शकते.