दशमग्रहाचा छापखाना

जावई हा दहावा ग्रह, असं आपल्याकडची जुनी माणसं सांगत आली. बाकीच्या नवांची निदान शांत तरी करता येते. दहाव्याची शांत करायला जावं, तर तो अधिक महिन्याचं वाण मागून बसतो. मी स्वतः गेली अठरा वर्षं या पदावर कायम आहे, तेव्हा हे विधान मी पूर्ण जबाबदारीनं करतो आहे. पण मध्यंतरी मला एका अशा घराण्याची हकीकत वाचायला मिळाली, की जिथं जावयानं सासऱ्याचा धंदा बुडवला तर नाहीच, उलट वाढवला, आणि त्याच्या वंशजांनी तो पुढं अडीचशे वर्षं चालवला. तेव्हापासून मला नीट झोप नाही. त्याचं कारण शेवटी सांगतो. आधी घराण्याची ओळख.

आता तुम्ही म्हणाल, बँकेतल्या कारकुनाला इतिहासाचं काय पडलंय? तर तसं काही पडलेलं नाही. शाळेत असताना पानिपतच्या तीन लढायांपैकी कुठली कोणात झाली, हे मला परीक्षेच्या सकाळीसुद्धा नक्की सांगता येत नसे. पण हिशेब म्हटला की मी कोणाचाही वाचतो. शेजाऱ्यांचं विजेचं बिल चुकून आमच्या दारात पडलं, तर ते मी आधी तपासतो आणि मग देतो. आणि या घराण्यानं १५५५ सालापासूनचे हिशेब जपून ठेवलेत. रोजकीर्दी, खतावण्या, मजुरांच्या पगाराच्या वह्या, पत्रव्यवहार, सगळं. आमच्या शाखेत गेल्या मार्चमधलं व्हाउचर शोधायला तीन माणसं आणि एक शिडी लागते, म्हणून मला याचं कौतुक.

तर गोष्ट आहे बेल्जियममधल्या अँटवर्प शहरातली. मूळ पुरुष क्रिस्तोफ प्लांतिन. हा फ्रान्समधल्या तूर शहराकडचा, १५२० च्या सुमारास जन्मलेला. धंदा पुस्तकबांधणीचा. १५४८-४९ च्या सुमारास तो अँटवर्पला आला आणि चामड्याच्या सुंदर पेट्या नि पुस्तकांच्या बांधण्या करून नाव मिळवू लागला. एका रात्री स्पेनच्या राजाच्या चिटणिसासाठी केलेली पेटी पोचवायला तो निघाला असताना काही दारुड्यांनी त्याला भलताच कोणीतरी समजून तलवार खुपसली. जखम अशी, की पुन्हा बांधणीचं काम होईना. ते प्रकरण गुपचूप मिटवावं म्हणून हल्लेखोरांनी जी भरपाई दिली, तिच्यातून त्यानं छापखाना काढला, अशी हकीकत त्याच्या घराण्यात सांगत असत. धंद्यासाठी भांडवल उभं करण्याचे अनेक मार्ग आम्हाला बी.कॉम.ला होते. हा मात्र नव्हता.

१५५५ मध्ये पहिलं पुस्तक निघालं. १५६२ मध्ये प्लांतिन पॅरिसला गेलेला असताना त्याच्या छापखान्यात कोणीतरी धर्मविरोधी चोपडं छापलं. सरकारची धाड आली. लगोलग सावकारांनी त्याच्या सामानाचा लिलाव पुकारला. सगळं सामान विकलं गेलं. पण घेणारे बरेचसे त्याचे मित्रच होते, आणि पुढच्याच वर्षी गडी नव्या भागीदारांसह पुन्हा धंद्याला उभा! सरकारी जप्ती यायच्या आत त्यानंच आपल्या माणसांकरवी लिलाव घडवून आणला असावा, असा अभ्यासकांना दाट संशय आहे. मला संशय नाही, खात्री आहे. मी काही वर्षं वसुली खात्यात काढलेली आहेत.

एवढं होऊनही हा पुढं राजाचा लाडका मुद्रक झाला. दुसऱ्या फिलिपच्या आश्रयानं त्यानं १५६८ ते १५७२ या काळात पाच भाषांतलं बायबल छापलं. हिब्रू, ग्रीक, लॅटिन, अरामी आणि सिरियाक. आठ खंड. साध्या कागदावरच्या प्रती बाराशेच्या आसपास, आणि राजासाठी तेरा प्रती चर्मपत्रावर. याच सुमारास चर्चनं मना केलेल्या पुस्तकांची यादी छापण्याचं कामही त्याच्याकडे आलं. त्या यादीत त्यानंच आधी छापलेल्या पुस्तकांचीही नावं होती. त्यानं ती मुकाट्यानं, बिनचूक छापली. याला म्हणतात धंदा!

पण मला खरी गंमत वाटली ती पुढंच. एवढी मुद्रितं तपासायला त्याच्याकडे विद्वान होते. कोर्नेलिस किलियान नावाचा एक मुद्रितशोधक तर त्याच्याकडे लागला तो जवळजवळ पन्नास वर्षं त्याच घराण्याची प्रुफं तपासत राहिला आणि फावल्या वेळात डच भाषेचा शब्दकोश करून अमर झाला. पण विद्वानांच्या जोडीला प्लांतिनच्या मुली होत्या. चार-पाच वर्षांच्या झाल्या की बाराव्या वर्षापर्यंत मुलींनी प्रुफं वाचायला मदत करायची, असा त्या घरचा रिवाज. चौथी मुलगी माग्दालेना तेराएक वर्षांची असताना बायबलाची प्रुफं घेऊन संपादक आरियास मोन्तानो यांच्या बिऱ्हाडी जायची आणि हिब्रू, सिरियाक, ग्रीक मजकूर मुळाबरहुकूम वाचून दाखवायची. अर्थ कळत नसे, पण अक्षर चुकलेलं कळे. बापानं हे एका पत्रात मोठ्या अभिमानानं लिहिलंय.

हे मी मोठ्यानं वाचून दाखवलं, तेव्हा आमची ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यात काय? मी पाचवीत असताना कानडी पत्रिका तपासायची. मला कुठं कानडी येत होतं?"

हे विसरलोच होतो. आमच्या सासऱ्यांचा, म्हणजे अप्पांचा, साताऱ्याला छापखाना होता. त्याबद्दल नंतर बोलू. मला तो विषय जरा लांबवायचा आहे.

या छापखान्याचा आपल्याशी काय संबंध, असं कोणी विचारील. तर आहे, आणि थेट आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहायचा. मुंबई बेट त्याच्याकडे खंडानं होतं. अख्खी मुंबई! आणि आम्ही डोंबिवलीच्या दोन खोल्यांचे हप्ते वीस वर्षं फेडतोय. या ओर्तानं इथल्या वनस्पतींवर, औषधांवर, हिंगावर आणि आंब्यावरसुद्धा लिहिलेलं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं. गोव्याला छापखाना येऊन तेव्हा सातच वर्षं झाली होती. पुस्तकात चुका इतक्या, की शुद्धिपत्रच वीसेक पानांचं. (आमच्या सोसायटीचा वार्षिक अहवाल याच परंपरेतला.) पण क्लुसियस नावाच्या वनस्पतितज्ज्ञाला ते सापडलं. त्यानं त्याचा लॅटिनमध्ये संक्षेप केला आणि तो १५६७ मध्ये छापला कोणी? अँटवर्पच्या प्लांतिननं. आपला आंबा युरोपातल्या पंडितांच्या टेबलावर गेला तो असा. आणि उलट दिशेनं, ते पाच भाषांतलं बायबल गोव्याहून गेलेल्या जेझुइट पाद्र्यांनी १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीला अकबर बादशहाला नजर केलं. बादशहानं खंडांना मान दिला, आणि त्यातली चित्रं पाहून दरबारातल्या चितारांनी आपली कलमं परजली.

एवढा मोठा मुद्रक, तर पैशात लोळत असेल? अजिबात नाही. कारण त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे राजा, आणि राजा म्हणजे थकबाकीदार! स्पेनसाठी प्रार्थनापुस्तकं छापण्याचा मक्ता त्याला मिळाला होता. माल जहाजानं भराभर जाई. पैसे मात्र येत येत. १५७० नंतरच्या वर्षांत त्याच्याकडे सोळा प्रेस आणि पन्नासाहून जास्त माणसं होती. एका प्रेसवर दोघे जण दिवसाला साडेबाराशे कागद दोन्ही अंगांनी छापत. आणि त्याच वेळी, १५७६ च्या नोव्हेंबरात, त्याच राजाच्या पगार थकलेल्या सैनिकांनी अँटवर्प लुटलं. नऊ वेळा खंडणी भरून आपण सुटलो, असं प्लांतिननं लिहून ठेवलंय. म्हणजे बघा, राजानं मुद्रकाचे पैसे थकवले, सैनिकांचेही थकवले, आणि सैनिकांनी आपले वसूल केले ते मुद्रकाकडून! याला आमच्या भाषेत 'कॉन्ट्रा एंट्री' म्हणतात.

त्याच्या पुस्तकांवर एक मुद्रा असे. कंपासपेटीतलं कर्कटक आणि लॅटिन बोधवाक्य. अर्थ असा की 'श्रमानं आणि चिकाटीनं'. कर्कटकाचा फिरणारा पाय म्हणजे श्रम, रोवलेला पाय म्हणजे चिकाटी. माझ्याकडे दोन्ही पाय रोवलेलेच आहेत.

१५८९ मध्ये तो वारला. मुलगा नव्हता. मुली पाच. म्हणजे दशमग्रह पाच! एक जावई राफेलेंगियस, मोठा भाषापंडित. तो लायडनला प्राध्यापक झाला, तिथला छापखाना त्याच्याकडे गेला. पॅरिसचं दुकान सांभाळणाऱ्या जावयाशी सासऱ्याचं फारसं जमलं नाही. (ते नैसर्गिकच म्हणायचं.) पण यान मोरेटस नावाचा जावई निराळा. हा चौदा वर्षांचा पोरगा असताना दुकानात कामाला लागला, सात भाषा शिकला, फ्रँकफुर्टच्या जत्रेत पुस्तकं विकायला जाऊ लागला आणि १५७० मध्ये मालकाच्या मार्टिना या मुलीशी त्याचं लग्न झालं. अँटवर्पचा छापखाना त्याच्या हाती आला. बाकीच्या वारसांनी कुरकुर केली, पण यानं त्यांना समजुतीनं वाटा देऊन धंदा अखंड ठेवला.

आणि पुढं या घराण्यानं एक शहाणपणा केला. छापखान्याची वाटणी करायची नाही. तो समर्थ वारसाच्या हाती ठेवायचा, बाकीच्यांना दुसरं काही द्यायचं. यानचा मुलगा बाल्थासार. याचं उजवं अंग लुळं होतं, पण त्यानं धंद्याला सोन्याचे दिवस दाखवले. रुबेन्स हा जगप्रसिद्ध चित्रकार त्याचा शाळासोबती. तो याच्यासाठी पुस्तकांची शीर्षकपानं काढून देई. मोठ्या आकाराच्या पानाला वीस गिल्डर, त्याहून लहानाला बारा, आणखी लहानाला आठ! बाल्थासारनं एका लेखकाला कळवलंय, की रुबेन्सला सहा महिने आधी सांगावं लागतं. तो ही कामं सुटीच्या दिवशी करतो, कामाच्या दिवशी करायला लावली तर एकाच चित्राचे शंभर मागेल. म्हणजे ओव्हरटाइमचा दर तेव्हाही निराळाच होता, आणि तो आमच्या युनियननं शोधून काढला हा समज चुकीचा आहे.

पुढं माणसं श्रीमंत झाली. १६९२ मध्ये सरदारकी मिळाली. सरदारानं धंदा करायचा नाही, असा रिवाज. यांनी छापखाना चालू ठेवायची खास परवानगी मिळवली. १७६४ मध्ये स्पेनच्या राजानं प्रार्थनापुस्तकांचा मक्ता काढून घेतला, तेव्हा धंदा खंगला. १८६६ मध्ये शेवटचं पुस्तक निघालं. आणि १८७६ मध्ये एडवर्ड मोरेटसनं घर, प्रेस, खिळे, ग्रंथ, हिशेबाच्या वह्या, सगळं अँटवर्प शहराला विकलं. बारा लाख फ्रँकना. पुढच्या वर्षी तिथं संग्रहालय उघडलं. १६०० च्या सुमाराचे दोन प्रेस तिथं आजही उभे आहेत, जगातले सगळ्यात जुने. २००५ मध्ये युनेस्कोनं त्या वास्तूचं नाव जागतिक वारशात घातलं.

आता माझी झोप.

आमचं लग्न झालं तेव्हा अप्पांचं ट्रेडल अजून चालू होतं. गावात ऑफसेट येऊन जमाना झाला होता. पत्रिका पुण्याहून रंगीत छापून येत. अप्पांकडे उरली होती ती पावतीपुस्तकं आणि त्यांवर नंबर टाकायचं काम. दिवाळसणाला गेलो, तेव्हा जेवण झाल्यावर अप्पांनी चोपड्या माझ्यापुढं ठेवल्या. म्हणाले, "जावईबापू, तुम्ही हिशेबातले. जरा बघता का, कसं काय?"

त्यांना काय विचारायचं होतं, ते मला आज कळतं. मुलगा नाही, मुलगी एकच. तेव्हा मी फक्त आकडे पाहिले. पंधरा मिनिटांत खाली रेघ मारली आणि म्हटलं, "अप्पा, घसारा धरला तर तुम्ही सहा वर्षं तोट्यात आहात. विकून टाका, मुदत ठेवीत घाला. आमच्याकडे ज्येष्ठांना अर्धा टक्का जास्त आहे."

अप्पा म्हणाले, "बरोबर आहे." एवढंच. पुढच्या उन्हाळ्यात ट्रेडल भंगारवाला घेऊन गेला. खिळे किलोच्या भावानं गेले. काना-मात्रा-वेलांट्यांसकट. ही दारात उभी राहून बघत होती. मी वजनकाटा बरोबर आहे ना, ते बघत होतो. ठेव मात्र चांगली झाली. अप्पा गेले, तेव्हा नॉमिनी म्हणून ती हिच्या नावावर बिनतक्रार आली.

मोरेटसची हकीकत वाचल्यावर मी माळ्यावरून अप्पांच्या चोपड्या काढल्या. त्या रद्दीत घालायला हिनं तेव्हा साफ नकार दिला होता. एक उघडली. आमच्या लग्नाच्या साली, मोडीच्या वळणाच्या त्या नेटक्या अक्षरात नोंद होती : जावईबापू यांचे नावे. लग्नपत्रिका, प्रती ३५०, दोन रंग. आमच्याकडच्या पत्रिका अप्पांनीच छापल्या होत्या, हे मला ठाऊकही नव्हतं. माझ्या वडिलांनी छपाईचे पैसे दिले असतील, असं मी धरून चाललो होतो.

पुढं 'येणे' असं लिहिलेलं होतं आणि रकमेचा रकाना कोरा होता. बँकेत वीस वर्षं काढली, पण ही नोंद कशी मिटवायची ते मला कळेना. हिला विचारलं. हिनं चोपडी हातात घेतली, नोंदीवरून बोट फिरवलं आणि मग हा लेख मागितला. पेन घेऊन बसली. आत्तापर्यंत अकरा चुका काढल्यात. त्यातली एक सासऱ्यांबद्दलची आहे. ती म्हणते, अप्पा 'बरोबर आहे' म्हणाले नव्हते.

"मग काय म्हणाले होते?"

"काहीच नाही," ही म्हणाली. "बरोबर आहे, असं तूच म्हणाला होतास."