घराची परीक्षा

सात पिढ्यांची चौकशी केल्यावांचून सोयरीक न जुळविणारा आमचा गृहस्थ घर विकत घेतांना मात्र अर्ध्या घटकेंत मन ठरवून मोकळा होतो. रंग ताजा आहे, नळाला पाणी आहे, शेजार बरा आहे, एवढें पाहिलें कीं झालें! भिंतीच्या पोटांत आणि पायाच्या खालीं काय आहे हें पाहणारा जाणता मनुष्य फी देऊन बोलवावा, ही कल्पना आपल्याकडे फारशी रुळलेली नाहीं. अमेरिकेंत अशा गृहपरीक्षकांची संस्था १९७६ सालीं स्थापन झाली, त्यामुळें हा धंदा आपणांस परदेशी वाटतो. परंतु, श्रोते हो, घराची परीक्षा ही गोष्ट आपल्या देशास मुळींच नवी नाहीं.

सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत तिची रीत सांगितली आहे. जागेच्या मध्यभागीं हातभर खोल खड्डा खणावा आणि निघालेल्या मातीनेंच तो पुन्हा भरावा. माती उरली तर जागा उत्तम, बरोबर पुरली तर मध्यम, कमी पडली तर अनिष्ट. दुसरी कसोटी पाण्याची. खड्डा पाण्यानें भरून शंभर पावलें जाऊन परत यावें. तोंवर पाणी ओसरलें नाहीं तर भूमि चांगली. यांत शुभाशुभाचा भाग कितीहि असो, जमीन घट्ट आहे कीं भुसभुशीत हें जाणण्याचा तो साधा आणि शहाणपणाचा उपाय होता.

मात्र हीच कसोटी यवतमाळ जिल्ह्यांतील घाटंजीकडच्या काळ्या, कापसाच्या जमिनीस लावून पाहावी. पावसाळ्यांत फुगलेली ही चिकण माती पाणी धरून ठेवते. म्हणजे जमीन परीक्षेंत उत्तीर्ण! तीच जमीन वैशाखांत आकसते व तिला हात जाईल एवढाल्या भेगा पडतात. तिच्यावर उथळ पायाचें पक्कें घर उभें केलें, तर तेंहि तिच्याबरोबर वर-खालीं होतें. सगळीकडे सारखेंच झालें असतें तर बिघडलें नसतें. परंतु अंगणाकडची माती लवकर सुकते, घराच्या मध्याखालची ओली राहते, आणि न्हाणीचें पाणी जेथें मुरतें तेथली आणखीच फुगते. या ओढाताणींत भिंत दाराच्या किंवा खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी उलते. लांकडी खांब-तुळयांचें जुनें घर हा त्रास पुष्कळसा सोसतें. सिमेंटची भिंत वांकत नाहीं, ती तडकते. रूरकीच्या केंद्रीय इमारत-संशोधन संस्थेनें अशाच जमिनीसाठीं खोल जाणारे, तळाशीं कांद्यासारखे फुगीर खांब प्रचारांत आणले. घाटंजीस घर पाहावयास येणाऱ्या परीक्षकाचा पहिला प्रश्न रंगाचा नव्हे, पायाच्या खोलीचा असावयास हवा.

परका मनुष्य घर तपासावयास येणार म्हटलें कीं आपल्या मनांत जी कुरकुर उठते, तिलाहि इतिहास आहे. सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईस डॉ. व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. फेब्रुवारी १८९७ मध्यें साथीच्या रोगांचा कायदा झाला. मार्चपासून पुण्यांत रँडच्या हुकमतीखालीं गोरे सोल्जर घराघरांत शिरले. हेतु रोगी शोधण्याचा. पण देवघर म्हटलें नाहीं, माजघर म्हटलें नाहीं, जमिनी उकरल्या, सामान जाळलें. लोक रोगी लपवूं लागले. २२ जून रोजीं चापेकर बंधूंनीं रँडवर गोळी झाडली. मुंबईंत राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर तशीं अक्षरें रंगविलीं जात. उजेड नाहीं, वारा नाहीं, मोरी तुंबलेली, हे त्या घरांचे दोष खरेच होते. परंतु ती परीक्षा घरवाल्यासाठीं नव्हती; तिचा निकाल त्यास समजावून सांगावयाचा नसून त्याच्यावर बजावावयाचा होता.

याच्या उलट चित्र किल्लारीच्या भूकंपानंतर दिसलें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारों माणसें आपल्याच घरांखालीं गाडलीं गेलीं. दगडमातीच्या रुंद भिंती, वर माळवद. गळूं लागलें कीं त्यावर मातीचा आणखी एक थर. माथ्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलेलें तें ओझें मोजणार कोण? पुढें ५२ गांवें नव्या जागीं वसविलीं गेलीं, त्याचीच चर्चा फार झाली. मला मोठें वाटतें तें उरलेल्या गांवांतील घरांच्या मजबुतीचें काम. तेथें इंजिनिअर घर पाहात, संवाद सहायक म्हणून नेमलेल्या गांवच्याच स्त्रिया दोष समजावून देत, आणि काम घरवाला स्वतः करवून घेई.

आज फी देऊन बोलाविलेल्या परीक्षकाकडून हीच अपेक्षा ठेवावी. तो बाहेरून आरंभ करील: पाणी घराकडे वाहतें कीं घरापासून दूर, हें आधीं. मग गच्ची, ओल, गिलाव्याचा पोकळ आवाज, चौकटींतील वाळवी, विजेच्या तारा. तो भिंत फोडणार नाहीं. म्हणून त्याचा अभिप्राय दिसेल तेवढ्यापुरताच. तो लेखी मागावा. घराची किंमत ठरविणें त्याचें काम नव्हे, मालकी पाहणें वकिलाचें. आणि दोष सांगून तोच दुरुस्तीचें कंत्राट मागूं लागला, तर दुसऱ्या जाणत्यास विचारावें. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें नोंदणीकृत नव्या बांधकामांतील दोष ताब्यापासून पांच वर्षें विकासकाच्या माथीं ठेवले आहेत. जुन्या घरास तेंहि छत्र नाहीं.

काळ्या जमिनीवरचें घर तर एका भेटींत कळत नाहींच. भेगेवर आडवी कांचेची पट्टी पक्की चिकटवून तारीख लिहून ठेवावी. वैशाखांत लावलेली पट्टी आश्विनापर्यंत अखंड राहिली, तर भेग जुनी, निजलेली समजून रंगारी बोलवावा. मध्येंच तडकली, तर इंजिनिअर.