वसईचा किल्ला आणि नाशिकची घंटा



यंदा जळगाव-धुळ्याच्या आम्ही बावीस जणी आगाशीला गेलो. मोतीशा शेठांनी बांधलेल्या देरासरात मुनिसुव्रत स्वामींचं दर्शन झाल्यावर वसईचा किल्ला पाहायचं ठरलं. बऱ्याच जणींचा चौविहार, त्यामुळे जेमतेम दोन तास हातात. आमच्यातल्या एक काकी तर बसमधून उतरेचनात. "इतकी माणसं मेली तिथे आपलं काय काम?" म्हणाल्या. प्रश्न बरोबरच होता.

आज तिथे बाग आहे, चिमाजी आप्पांचा पुतळा आहे, झाडीत पडकी चर्च आहेत आणि पुढे समुद्र. मुलं फोटो काढत असतात. वसई १५३४ साली गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगिजांकडे गेली आणि दोनशे वर्षं त्यांच्याकडेच राहिली. मराठ्यांची मोहीम १७३७ मध्ये सुरू झाली. किल्ल्याच्या तीन बाजूंना पाणी, म्हणून उत्तरेच्या बाजूने तटाखाली सुरुंग खणले. मे १७३९ मध्ये सेंट सेबॅस्टियन बुरुजाला खिंडार पडलं, पण एक सुरुंग उशिरा उडाला आणि आत धावणारे मराठेच त्यात गेले. दोन्हीकडची माणसं पडली, आपली जास्त.

मी कॉमर्सवाली, माझं लक्ष आधी तहाच्या अटींकडे जातं. एवढी माणसं गमावूनही आप्पांनी कत्तल केली नाही. पोर्तुगिजांना आठ दिवसांची मुदत मिळाली. बायकामुलं, सामान, हत्यारं घेऊन, वाजतगाजत जायची मुभा मिळाली. जे मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळता येईल, हेही कबूल झालं. वसईचा ख्रिस्ती समाज आजही तिथेच आहे, आणि घरात मराठीचीच बोली बोलतो. जिंकणाऱ्याने हात आवरला, हे मला लढाईपेक्षा मोठं वाटतं.

चर्चच्या घंटा मात्र विजेत्यांनी नेल्या. एक भीमाशंकरला आहे, एक वाईजवळ मेणवलीला. आपल्याला जवळची म्हणजे नाशिकला पंचवटीत गोदाकाठी, नारोशंकराच्या देवळात. तोफा ओतायलाही तोच धातू चालला असता, पण घंटा वितळवल्या नाहीत, देवापुढेच टांगल्या. तरी मनात येतंच, आपल्या देरासरातली घंटा कोणी अशी नेली असती तर आपण काय म्हटलं असतं?

नाशिकच्या घंटेवर १७२१ साल कोरलेलं आहे. म्हणजे वसई पडली तेव्हा ती अवघी अठरा वर्षांची होती. नारोशंकराचं देऊळ १७४७ चं, आणि ती आजही गोदेकाठीच आहे.