कार्ल्याचे स्तंभ आणि धेनुकाकटाचे नागरिक

मावळचा इतिहास म्हटला म्हणजे आम्ही देशमुखांचीं दफ्तरें व शिवकालीन महजर यांकडे वळतों. परंतु आंदर मावळांतील टाकवे बुद्रुकच्या पश्चिमेस, कार्ल्याच्या डोंगरांत, याहून फार जुनें एक दफ्तर दगडांत कोरलेलें आहे. तेथील चैत्यगृह सामान्यतः इ. स. च्या पहिल्या शतकांतील मानितात. त्याची लांबी सुमारें १२४ फूट असून आंत ३७ स्तंभ आहेत. तेथील लेख बर्जेस व भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८१ मध्यें छापले. पुढें सेनार यांनीं ते पुन्हां संपादिले.

वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल हें शैलगृह आपण पूर्ण केल्याचें सांगतो, व बाहेरील सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणकाचा आहे. एवढ्यावरून हें काम केवळ धनिकांचें ठरविणें युक्त नव्हे. द्वाराच्या लेखांत धेनुकाकटाचा गांधिक सिंहदत्त येतो. तसाच तेथील सुतार, वेणुवासाचा पुत्र सामि, हाहि येतो. एक वेदिका कोडी नांवाच्या भिक्षुणीनें दिली. सोपाऱ्याच्या एका भाणकानें स्तंभ दिला. आणि अनेक स्तंभ धेनुकाकटाच्या यवनांनीं दिले आहेत.

येथें लेखांची घडण पाहण्यासारखी आहे. प्रथम गांव, मग दात्याची ओळख व नांव, शेवटीं दान, हाच बहुतेकांचा क्रम. 'गांधिक' जसा व्यवसाय दाखवितो, तसा 'यवन' हा शब्द कुळी दाखवितो. त्यांत निंदेचा लेशहि नाहीं. धम्म, सिहधय अशीं या यवनांचीं नांवें तर पूर्णपणें एतद्देशीय झालेलीं आहेत. त्यांचे स्तंभ वेगळ्या जागीं नसून इतरांच्याच ओळींत उभे आहेत.

यावरून त्या व्यापारी नगरांत भेदभाव मुळींच नव्हता, असें आम्ही म्हणत नाहीं. दानलेखांवरून घरच्या पंक्तीचा व्यवहार कळत नाहीं. परंतु एका कलाकृतीच्या उभारणींत परदेशी वंशाचा व्यापारी, सुतार, गंधविक्रेता व भिक्षुणी यांस आपापल्या नांवानिशीं स्थान होतें, हें निर्विवाद आहे. आणि आपण 'धेनुकाकटाचे' आहों, हें यवनांनींहि अभिमानानें कोरविलें.

संशोधकांस आमची विनंति इतकीच, कीं अशा लेखांतून राजवंश व काल शोधून थांबूं नये. दात्यांचीं गांवें व धंदे यांचीहि टिपणें करावीं. दगडावरील अक्षरें झिजतात. त्यांबरोबर या सामान्य जनांचीं नांवें पुसलीं जाऊं नयेत.