बर्फ जळू नये, देवदार बुडू नये

डेव्हलपरने बोटं पिवळी झालेल्या माझ्यासारख्या माणसाला सॅम्युअल बोर्नच्या हिमालयाच्या फोटोंत आधी सावल्या दिसतात, शिखरं मागाहून.

नॉटिंगहॅमची बँकेतली नोकरी सोडून हा गडी 1863 साली हिंदुस्थानात आला आणि तीसेक हमाल घेऊन सिमल्याहून डोंगरात शिरला. सामान काय, तर काचा, रसायनं आणि तंबूतली डार्करूम. काचेवर कलोडियन ओतायचं, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच फोटो काढून धुवायची. वाळली की संपलं.

खरी गोची पुढेच. ती काच निळ्या उजेडाला हावरी, हिरव्याला जवळजवळ आंधळी. देवदाराच्या सावलीत तपशील यावा म्हणून लेन्स जास्त वेळ उघडी ठेवली, की बर्फ नि आकाश पांढरंफटक. बर्फ सांभाळलं, तर झाडी म्हणजे काजळाचा डाग. कित्येक जण निगेटिव्हवरचं आकाश सरळ काळ्या रंगाने झाकून टाकत. कुणी छापताना ढगांची वेगळी निगेटिव्ह जोडत. (लबाडी जुनीच आहे!) 1866 मध्ये 18,600 फुटांवरच्या मणिरंग खिंडीतही बोर्नकडे याच ओल्या काचा होत्या. उजेड मोजायला मीटर नव्हता, सगळा अंदाजाचा कारभार.

सावलीला एक्स्पोजर आणि उजळ भागाला डेव्हलपिंग, हे गणित ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी 1940 च्या सुमारास झोन सिस्टिममध्ये पक्कं बांधलं. आता मोबाइलचा एचडीआर दोन्ही चुटकीसरशी देतो. देतो खरा, पण सावल्या उपसून डोंगर सपाट करून टाकतो. बोर्नचा मूळ प्रिंट कुठे बघायला मिळालाच, तर आधी झाडांच्या बुंध्यांकडे बघा.