लोहारभट्टी, गोंदिया जिल्ह्यातील

धारेची अवजारे घडवण्यासाठी लोहार स्वतः बांधतो ती मातीची उघडी भट्टी. इंधन बहुधा लाकडी कोळसा. वारा भात्याचा, हाताने फिरवायच्या पंख्याचा किंवा विजेच्या ब्लोअरचा. विळा, कुऱ्हाड, कोयता, घरातली पावशी आणि बुरडाची बांबू सोलायची सुरी ही तिच्यावरची मुख्य कामे. नांगराचा फाळ पाजवण्याचे काम ट्रॅक्टर आल्यापासून घटले आहे. भट्टीला सर्वाधिक काम दोनदा असते : पावसाळ्याच्या तोंडावर आणि दिवाळीच्या सुमारास धान कापणीला येते तेव्हा.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याआधीचे उल्लेख भंडारा या नावाखाली शोधावे लागतात. त्याहून जुने काही बालाघाटकडे गेले आहेत, कारण १८६७ मध्ये भंडारा, मंडला व शिवनी यांचे भाग जोडून बालाघाट जिल्हा करण्यात आला.

बांधणी : जमिनीत उथळ खड्डा किंवा कमरेइतक्या ओट्यावर मातीचे आळे. चिकणमातीत धानाचा कोंडा मिसळतात. राइस मिलच्या या जिल्ह्यात तो मुबलक मिळतो. पहिल्या जाळात कोंडा जळून जातो, मातीत बारीक पोकळ्या राहतात आणि भिंत उष्णता कमी शोषते. मागे उरणारी राखही सिलिकायुक्त असल्याने जाळाला टिकते. आळे सावलीत वाळवतात, मग लहान जाळ करून भेगा बुजवतात. घाई केल्यास आतली वाफ अस्तर फोडते.

वाऱ्याची नळी बाजूने आणि तळापासून तीन-चार बोटे वर बसवतात. खालच्या जागेत राख व खंगर साचतो, त्यामुळे नळीचे तोंड बुजत नाही. लोखंडी नळीचे तोंड जळते, म्हणून ते मातीने लिंपून ठेवतात व लिंपण झिजले की पुन्हा चढवतात. दगडी कोळशासाठी ट्रकच्या जुन्या ब्रेकड्रममध्ये तळातून वारा देण्याची रीतही आहे. लाकडी कोळसा हलका असल्याने तळातून जोराचा वारा लागला की ठिणग्या होऊन उडतो. त्याला बाजूचा वारा मानवतो.

वारा साधणे : भट्टीच्या बांधणीविषयी पुष्कळ लिहिले जाते, पण भट्टीचे मर्म वाऱ्यात आहे. नळीच्या तोंडाशी प्राणवायू जास्त असतो. तिथे धरलेले पाते लवकर तापते, पण त्यावर काळे पापुद्रे धरतात आणि पृष्ठभागातला कार्बन जळतो. निखाऱ्यांच्या चार-सहा बोटांच्या थरातून वर येईपर्यंत वाऱ्यातला प्राणवायू बराचसा खर्च होतो. पात्याची जागा तिथे. कोळसा विरळ झाला की हा थर मोडतो, म्हणून जाणता लोहार पाते आत सारण्याआधी कोळसा पुढे ओढतो. पात्यातूनच पांढऱ्या ठिणग्या उडू लागल्या तर पोलाद जळले असे समजावे. तो तुकडा धारेच्या कामाचा राहत नाही.

भाता ओढणाऱ्या हाताला जाळ कळतो. पाते लाल होत आले की ओढ आपोआप मंदावते. सायकलच्या चाकावर पट्टा चढवून फिरवलेल्या पंख्यातही हा ताबा बऱ्यापैकी राहतो. विजेचा ब्लोअर एकाच जोराने वाहतो. त्याला रेग्युलेटर किंवा नळीवर झडप हवी, नाहीतर पातळ विळ्याचे टोक मधल्या भागाआधी वितळते. मोठी भट्टी म्हणजे चांगली भट्टी हा नवशिक्यांचा समज चुकीचा आहे. विळ्याला ओंजळभर जाळ पुरतो. लांब पाते सरकवत तापवावे किंवा आळे चराप्रमाणे लांबट करावे.

अगरियांचा भाता : शेजारच्या बालाघाट, मंडला भागातल्या अगरिया जमातीची भट्टी वेगळी. ती खनिजातून लोखंड गाळण्याची, पाती घडवण्याची नव्हे. तरी तिचा उल्लेख इथे आवश्यक आहे, कारण या टापूतल्या वाऱ्याच्या तंत्राचे सविस्तर वर्णन तिच्याबद्दलच झाले. रसेल व हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात (१९१६) अगरियांवर स्वतंत्र नोंद आहे. व्हेरियर एल्विन यांचा ‘द अगरिया’ हा ग्रंथ १९४२ मध्ये निघाला. अगरियांचा भाता पायाने चालतो. कातडे ताणलेली दोन भांडी शेजारी ठेवून एकेका पायाने आळीपाळीने दाबतात. दाबलेले कातडे वर खेचायला जमिनीत रोवलेल्या लवचीक बांबूची दोरी असते. एक पाय वारा ढकलतो तेव्हा दुसऱ्या भांड्यात हवा भरते, त्यामुळे झोत तुटत नाही आणि हात मोकळे राहतात. लोहासुर, कोयलासुर, अग्यासुर ही त्यांची दैवते लोखंड, कोळसा व अग्नी यांची आहेत.

हे गाळकाम मागे पडण्याला भट्ट्यांवरचा कर, जंगलाचे नियम आणि कारखान्याचे स्वस्त लोखंड ही कारणे दिली जातात; कोणते किती प्रभावी, यावर मतभेद आहेत. १८८० च्या दशकात या भागात रेल्वे आल्यावर तयार लोखंड पोचणे सोपे झाले. गोंदिया जिल्ह्यातही लोहखनिजाचे साठे आहेत. मात्र आजचा लोहार खनिजाकडे नव्हे, भंगाराकडे जातो.

प्राचीन पुरावा : विदर्भातला लोहकामाचा ठोस पुरावा नागपूर जिल्ह्यातला. नायकुंड येथे १९७८–८० च्या उत्खननात (शां. भा. देव, अ. प्र. जामखेडकर) महापाषाणयुगीन वसाहतीत लोखंड गाळण्याच्या भट्टीचे अवशेष, मातीच्या नळ्या व धातुमळी मिळाली. माहुरझरीच्या एका छिन्नीचा धातुशास्त्रीय अभ्यास होऊन ती पोलादाची असल्याचे दिसले.

पोलाद व पाणी : ट्रकच्या कमानीच्या पट्ट्या हा आजचा मुख्य माल. त्यात सुमारे अर्धा ते पाऊण टक्का कार्बन असतो. जुन्या कानशीत तो एक टक्क्याच्या वर असतो; धार उत्तम, पण ठिसूळपणा जास्त. सळई किंवा गेटच्या पट्टीचे पाते कितीही नीट तापवले तरी धार धरत नाही.

विळा घडून झाला, हवे असल्यास छिन्नीने दाते पाडले, की पाणी देण्याची वेळ येते. लोहार सावलीत बसतो, कारण उन्हात तापाचा रंग फसवतो. धार एकसारखी चेरीसारखी लाल झाली की चुंबक लावून पाहता येते : सुमारे ७७० अंश सेल्सिअसला लोखंड चुंबकाला चिकटेनासे होते, आणि पाणी द्यायचे ते त्याच्या थोडे वर. मग फक्त धारेची कड पाण्यात बुडवतात. पाठ लालसर राहते. बाहेर काढून कड विटकरीवर घासून पांढरी केली की पाठीतली ऊब धारेकडे सरकताना दिसते : आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, निळा. विळ्याला पिवळ्या-तपकिरीच्या मध्ये थांबवून पुन्हा बुडवतात. कुऱ्हाडीला रंग अधिक पुढे जाऊ देतात, नाहीतर गाठीवर धार तुटते. कमानीच्या पट्टीला थंड पाण्याने तडे जाऊ शकतात, म्हणून तिला कोमट तेल बरे.

कोळसा : बाभूळ, खैर अशा कठीण लाकडाचा चांगला. राखीव वनात कोळसा पाडण्यास भारतीय वन अधिनियम १९२७ प्रमाणे मनाई आहे.

धोके : बंद खोलीतला कार्बन मोनॉक्साइड, जस्ताचा मुलामा असलेल्या नळीचा धूर.

कारागीर : बारा बलुत्यांतला लोहार आणि गाडीवर संसार घेऊन फिरणारे घिसाडी. घिसाड्यांत घण बहुधा बायका मारतात. त्यांच्या कौशल्याची दखल फार थोड्यांनी घेतली, हे अन्यायाचे आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत लोहारकाम आहे.

गॅसभट्टी : सिरॅमिक लोकरीचे अस्तर लावलेली, हौशी सुरीकारांत प्रचलित.

कायदा : शस्त्र नियम २०१६ नुसार नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे नियंत्रणाखाली येतात, केवळ घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक वापरासाठी केलेली अवजारे त्यातून वगळली आहेत.