टिपेश्वरचें अरण्य आणि वऱ्हाडचा कापूस

गेल्या माघांत यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वर अभयारण्य पाहण्याचा योग आला. पांढरकवड्याहून सुन्न्याच्या फाटकापर्यंत रस्त्याच्या दोहों बाजूंस पऱ्हाटीचीं शेतें होतीं. फाटक ओलांडतांच सागवान सुरू झाला. चितळ दिसले, रोही दिसले. वाघाचीं केवळ पावलें दिसलीं. बरोबरची मंडळी थोडी हिरमुसली. मला मात्र, इतिहासाच्या अध्यापकाच्या खोडीनें म्हणा, वाघापेक्षां त्या फाटकाचेंच कुतूहल अधिक वाटलें. एका बाजूस कापूस व दुसऱ्या बाजूस अरण्य, ही रेघ कोणी व केव्हां ओढली?

अभयारण्य म्हणजे अनादि कालापासून जसेंच्या तसें राहिलेलें वन, अशी आपली समजूत असते. वस्तुतः तो इतिहासानें मागें ठेवलेला एक तुकडा होय. १८५३ सालीं निजामानें वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या स्वाधीन केला. पुढें १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध झालें, तिकडचा कापूस अडला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची दृष्टि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर खिळली. १८६७ सालीं आगगाडी वऱ्हाडांतून नागपुरास पोहोंचली. मग काळी जमीन नांगराखालीं येऊं लागली, आणि डोंगराळ, मुरमाड भाग तेवढा जंगलखात्याकडे राहिला. ज्यास त्या काळीं वणी जिल्हा म्हणत व १९०५ सालापासून ज्यास यवतमाळ हें नांव मिळालें, त्या मुलखाची वांटणी या रीतीनें झाली. जंगलें राखीव झालीं तशी कोलाम व गोंड लोकांच्या पिढीजात वहिवाटीवर बंधनें आलीं. वाघास तर त्या राज्यांत कोणीच वाली नव्हता. त्यास मारणारास उलट सरकारांतून बक्षीस मिळे.

हें धोरण पालटावयास पुरें शतक लागलें. १९७२ सालीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, १९७३ सालीं व्याघ्रप्रकल्प निघाला, आणि १९९७ सालीं टिपेश्वरचें सुमारें १४८ चौरस किलोमीटर वन अभयारण्य म्हणून जाहीर झालें. टिपाई देवीवरून या वनास हें नांव पडलें असें सांगतात. याच नांवाचें एक गांवहि आंत होतें; तें पुढें वनाबाहेर हलविण्यांत आलें. वाघास घर मिळावें म्हणून माणसांनीं आपलीं घरें सोडलीं, ही गोष्ट वाघ पाहावयास जाणारांनीं विसरूं नये.

संरक्षण मिळाल्यावर वाघ वाढले. पण रेघ होती तेथेंच राहिली. जो बछडा मोठा होतो त्यास स्वतःचा मुलूख शोधावा लागतो, आणि १४८ चौरस किलोमीटरांत असे मुलूख किती मावणार? २०१९ सालीं गळ्यांत रेडिओ-पट्टा बांधलेला येथील एक तरुण नर जूनमध्यें बाहेर पडला. महाराष्ट्र व तेलंगण मिळून नऊ महिन्यांत त्यानें सुमारें ३,००० किलोमीटर चाल केली, आणि बुलढाणा जिल्ह्यांतील ज्ञानगंगा अभयारण्य गांठलें. त्याच्या वाटेंत शेतें, ओढे, सडका व गांवें होतीं. म्हणजे जो मुलूख कापसानें अरण्यापासून तोडला तोच. त्याच्या प्रवासाचें देशभर कौतुक झालें.

परंतु त्याच्या आदल्याच वर्षीं याच जिल्ह्यानें दुसरें चित्र पाहिलें होतें. पांढरकवडा व राळेगांव या भागांत, अभयारण्याच्या हद्दीबाहेर, एका वाघिणीवर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका आला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि २ नोव्हेंबर २०१८ रोजीं ती गोळीनें मारली गेली. शहरांत तिच्यासाठीं लोकांनीं अश्रु ढाळले. राळेगांवकडील खेड्यांत लोकांनीं सुटकेचा निःश्वास टाकला. यांत कोणाचीहि भावना खोटी नव्हती. भेद इतकाच कीं, वाघाचा अभिमान साऱ्या देशाच्या वांट्यास येतो, आणि त्याचें भय मात्र कोलामांच्या पोडावर व पऱ्हाटीच्या धुऱ्यावर राहतें.

हा भेद दूर करणें हें आपलें ऐतिहासिक ऋण आहे असें मी समजतों. वन तोडून पिकविलेल्या कापसाचा नफा दूरच्या बाजारांनीं व गिरण्यांनीं घेतला. वनाचा तुटकेपणा मात्र वाघाच्या व शेतकऱ्याच्या माथीं बसला. म्हणून जंगलाचे तुकडे जोडणाऱ्या वाटा राखणें, आणि ज्याचें जनावर किंवा माणूस गेलें त्यास भरपाई विनाविलंब देणें, हीं कामें दयेचीं नव्हेत, न्यायाचीं आहेत.

परततांना सायंकाळ झाली होती. फाटकाबाहेर कापूस वेचणाऱ्या बाया ओटी रिकामी करून, घोळक्यानें, मोठमोठ्यानें बोलत घराकडे निघाल्या होत्या. त्या एवढ्या मोठ्यानें कां बोलतात, असें आमच्यांतील एका मुलीनें विचारलें. आमच्या गाडीवानानें मागें न पाहतां उत्तर दिलें, “वाघाला ऐकूं जावं म्हणून.”